चोर्ला घाटाची सवय मनालीच्या बर्फात किती कामाची? भाड्याची गाडी, टायर आणि चेन

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या पर्वरीचं चौघांचं कुटुंब डिसेंबरअखेर विमानाने चंदीगडला उतरणार, तिथून सेल्फ-ड्राइव्ह कॉम्पॅक्ट एसयूव्ही भाड्याने घेऊन मनालीला जाणार आणि जमलं तर अटल टनेलमधून पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत. चोर्ला, अनमोड, आंबोली हे घाट भर पावसात केलेले आहेत, त्यामुळे घाटाची भीती नाही. विचारलेल्या गोष्टी तीन: बर्फाचे टायर लावलेली गाडी मिळेल का, चेन (चाकाभोवती बांधायची साखळी) घ्यावी का, आणि फोर बाय फोरसाठी, म्हणजे चारही चाकं इंजिनने फिरणाऱ्या गाडीसाठी, जास्त भाडं मोजावं का.

आधी सरळ उत्तर. बर्फाचे टायर मिळणार नाहीत, तो शोध सोडून द्या. चेन घ्या, पण भाड्याच्या कंपनीने लेखी परवानगी दिली तरच, आणि निघण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने लावून बघितली तरच. फोर बाय फोरचं जादा भाडं चंदीगडपासून भरू नका. साधी, चांगल्या टायरची गाडी मनालीपर्यंत न्या आणि ताजा बर्फ पडला असेल तर सिस्सूला जायला तिथलीच फोर बाय फोर ड्रायव्हरसकट करा. खर्च तेवढाच किंवा कमी येतो, आणि अवघड तुकड्यावर स्टीअरिंग त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याच्या हातात असतं.

घाटाची सवय कामाची आहेच. उतारावर खालचा गिअर, वळणाआधी हॉर्न, धुक्यात लो बीम, चढणाऱ्या गाडीला आधी वाट हे सगळं तिथेही तसंच. फरक पडतो तो थांबण्यात. ताशी ४० किमी वेगात ब्रेक लावल्यावर सपाट, कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये उभी राहते. पावसात ओल्या रस्त्यावर १४ मीटर धरा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ३० मीटर, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या वर. आता याला ७ टक्के उतार लावा: घट्ट बर्फावर ५० मीटरच्या आसपास, गोठलेल्या थरावर २०० मीटर. उतार १० टक्के झाला की गोठलेल्या थरावर ब्रेकची सगळी पकड उतारच खाऊन टाकतो. गाडी थांबत नाही, त्याच वेगाने घसरत राहते. हेच ताशी २० किमी वेगाने उतरलात तर ७ टक्के उताराच्या घट्ट बर्फावर १२ मीटरमध्ये थांबाल. वेग अर्धा केला की थांबायचं अंतर पावपट होतं, आणि बर्फात तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. अनमोडला ट्रकच्या मागे जेवढं अंतर ठेवता, त्याच्या चौपट तरी इथे ठेवा. मागचे हॉर्न वाजवू देत.

आता टायर. आपल्याकडच्या गाड्यांचं रबर उष्णतेसाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतत नाही. म्हणजे बर्फ नसला तरी मनालीच्या थंड, कोरड्या सकाळी तुमची पकड गोव्यातल्यापेक्षा कमीच असते. खऱ्या हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात दात रोवतात. असा टायर ओळखायचा तो बाजूच्या भिंतीवरच्या खुणेवरून: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही खूण बर्फावर चाचणी होऊन मिळते. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीने स्वतःच केलेला दावा आहे, त्यामागे चाचणी असेलच असं नाही. भारतात भाड्याच्या एसयूव्हीवर हे ‘एम प्लस एस’ बऱ्याचदा दिसतं आणि काउंटरवरचा मुलगा ते ‘स्नो टायर’ म्हणून दाखवतो. मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम प्लस एस’ला हिवाळी टायर मानणं बंदच केलं. गोव्यातून नातेवाइकांकडे युरोपात जाऊन तिथे गाडी घेणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बुकिंग करताना हिमकणाची खूण मागावी. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ती नसेल तर दंड चालवणाऱ्याला होतो.

भारतात असा कायदा नाही, म्हणून भाड्याची कंपनी फक्त चालू स्थितीतला टायर द्यायला बांधील असते. तेव्हा मॉडेल, सनरूफ, रंग यावर वेळ घालवण्यापेक्षा चाकांपाशी वाका. ताबा घेताना पंधरा मिनिटं यासाठी राखून ठेवा आणि ती दिवसाउजेडी घ्या. रात्री अकराला विमानतळाच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या टॉर्चखाली टायर बघणं म्हणजे न बघणंच.

भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते: ३५२३ असेल तर २०२३ चा ३५ वा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला गेले असतील तर स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढचे बघता येतात. पाच वर्षांपेक्षा जुना टायर थंडीसाठी घेऊ नका, खाचा कितीही खोल दिसल्या तरी. मग खोली. मुख्य खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते १.६ मिमीवर असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्यानेच बाद. पण बर्फाला १.६ चा उपयोग नाही. खाचेत बर्फ दाबून भरायला आणि तो चिखल बाहेर फेकायला जागा लागते, म्हणून ४ मिमीच्या खाली असेल तर गाडी बदलून मागा. खोली मोजायचं छोटं गेज ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळतं, ते खिशात असलं की वाद होत नाही. खोली मधे, आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी घ्या. मधेच जास्त झीज असेल तर हवा सतत जास्त भरली जाते. एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि तशी गाडी निसरड्यावर ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. भिंतीवर हात फिरवा. कुठे फुगवटा लागला तर आतली दोरी तुटलेली आहे, तो टायर खड्ड्यात फुटणार.

एक गोष्ट फारसं कोणी बघत नाही. भाड्याच्या गाड्यांना बहुतेकदा दोनच टायर नवे घालतात आणि ते पुढे घालतात, कारण पुढची चाकं लवकर झिजतात. निसरड्यावर हे उलटं पडतं. पुढची पकड गेली तर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची पकड गेली तर शेपटी बाहेर येते आणि ते सावरणं सरावाशिवाय जमत नाही. पुढे ७ मिमी आणि मागे ३ मिमी अशी गाडी मिळाली तर घेऊ नका, किंवा तिथेच पुढचे-मागचे अदलून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि निदान एका अ‍ॅक्सलवरचे दोन एकाच बनावटीचे हवेत.

स्टेपनी बाहेर काढून बघा. कित्येक गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते. ती पुढे लावून बर्फात जायचं नाही. पुढचा पंक्चर झाला तर मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे, अशी दुहेरी अदलाबदल करावी लागते. जॅक आणि पाना आहेत का तेही तेव्हाच बघा.

नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. गोव्यात हा विषय सगळ्यांना माहीत आहे: पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ओळखीत भाड्याने देणारे असतात आणि तपासणीत अडकतो तो पर्यटक. तिकडे अपघात झाला तर त्याहून वाईट, कारण खासगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही आणि विमा कंपनी हात वर करू शकते. करारात चार गोष्टी लेखी घ्या: हिमाचलचं परमिट आणि कर कोणी भरायचा, टायर-काच-गाडीचं पोट यांचं नुकसान विम्यात आहे की नाही (बहुधा नसतं), टोइंगचा खर्च कोणाचा, आणि चेन लावायला परवानगी आहे का. व्हिडिओ काढताना चारही टायरच्या तारखा आणि खाचा त्यात येऊ द्या.

हवेबद्दल खूप उलटसुलट सल्ले फिरतात. एक म्हणतो थंडीत हवा कमी होते, पाच पीएसआय जास्त भरा. दुसरा म्हणतो बर्फात पकड मिळायला हवा काढा. दोन्ही सोडून द्या. तापमान सुमारे ५.५ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो, हे खरं. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गेजवरचा आकडा वर सरकतो. चंदीगडला दुपारी १८ अंशांत ३३ पीएसआय भरलीत आणि साधारण २,००० मीटरवरच्या मनालीत पहाटे उणे ४ अंश असले तर गेजवर ३२ च्या आसपास दिसेल. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. म्हणून दारावरच्या स्टिकरवरचा आकडा चंदीगडला टायर गार असताना भरा. पूर्ण प्रवाशांचा आकडा वेगळा असतो, चौघं आणि सामान म्हणजे तोच. मनालीत पहिल्या सकाळी निघण्याआधी एकदा तपासा. चालून तापलेल्या टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त दिसतात. तो आकडा बघून हवा काढलीत तर रात्री टायर मऊ पडतो आणि खड्ड्यात रिम वाकते.

चेनकडे वळू, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चेन टायरच्या मापाप्रमाणे घ्यायची, ‘एसयूव्ही साइज’ असं काही नसतं. भिंतीवर २१५/६० आर १६ असं जे लिहिलेलं असतं ते माप पाकिटावरच्या यादीत असलंच पाहिजे. गाडी बुक करताना कंपनीकडून टायरचं माप मागून घ्या आणि त्याप्रमाणे मागवा. जोडी काही किलो भरते, विमानात चेक-इन बॅगेत जाते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चेन चालते का तेही लिहिलेलं असतं. मोठ्या अलॉय व्हीलच्या मॉडेलमध्ये टायर आणि आतल्या सस्पेन्शनमध्ये बोटभरही जागा नसते, तिथे चेन ब्रेकचा पाइप कापू शकते. अशा गाडीला कापडी आवरणं मिळतात. ती हलकी आणि लावायला सोपी असतात, पण उघड्या डांबरावर काही किलोमीटरमध्ये फाटतात.

जोडी लावायची ती इंजिन जी चाकं फिरवतं त्यांना. आपल्या बहुतेक छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून पुढे. गाडी सपाट जागी, रस्त्याच्या बाजूला, गिअरमध्ये टाकून मागच्या चाकांना दगड लावून उभी करा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. पीळ राहिला तर तीच कडी टायरच्या भिंतीत रुतते. आतला हूक आधी, मग बाहेरचा, मग ताणायची साखळी. पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या फेऱ्यांत ती जागेवर बसते आणि सैल होते. हा दुसरा ताण न दिल्यामुळेच चेन सुटून मडगार्ड फोडते. वेग ताशी ३०-४० च्या वर नाही. डांबर लागलं की लगेच काढा. घरी किंवा हॉटेलच्या अंगणात कोरड्यात एकदा लावून बघा, रबरी हातमोजे घालून. उणे तापमानात उघड्या बोटांनी लोखंडी हूक अडकवायचं काम दोन मिनिटांत अशक्य होतं. बर्फ पडला की मनालीहून टनेलकडे जाताना लागणाऱ्या सोलंगच्या वाटेवर चेन भाड्याने लावून देणारेही उभे असतात. पण तिथे कुठलीही चेन कुठल्याही चाकाला ओढूनताणून बसवली जाते. माप जुळत नसेल तर नको म्हणा. आणि पुढे चेन लावल्यावरही उतरताना मागची चाकं मोकळीच असतात, हे विसरू नका. चढ सहज चढला म्हणून उतार तसाच जाईल असं नाही.

फोर बाय फोरचंही तेच. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी चढते आणि सुटते. थांबवतात मात्र ब्रेक आणि टायरच, आणि ते सगळ्या गाड्यांत सारखेच. तरी एक व्यवहाराची बाजू आहे: ताजा बर्फ पडला की पोलीस त्याच वाटेवरच्या नेहरू कुंडला किंवा सोलंगला साध्या गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर सोडतात. पण केवळ त्या एका दिवसासाठी आठवडाभराचं जादा भाडं भरण्यात अर्थ नाही.

स्वतः जायचं ठरलं तर वेळ बघून जा. अटल टनेल ९.०२ किमी लांब आहे, ३,००० मीटरच्या वर आहे आणि आत रस्ता कोरडा. त्या कोरड्या नऊ किलोमीटरमध्ये पाय नकळत जड होतो आणि पलीकडच्या तोंडाशी, सिस्सूच्या बाजूला, थेट बर्फ लागू शकतो. बाहेरचा उजेड दिसायला लागला की पाय उचला. परत येताना खरी अडचण सोलंगकडच्या उतरणीवर. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, डोंगराची सावली पडली की तेच गोठतं, आणि वरून ते फक्त ओल्या डांबरासारखं काळं दिसतं. पूल, झऱ्याखालची वळणं आणि देवदारांच्या सावलीतले तुकडे ही त्याची ठिकाणं. सकाळी दहानंतर वर जा आणि तीनच्या आत टनेल ओलांडून परत या.

उतरताना वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना ब्रेक संपवा; वळणात ब्रेकही नको आणि गिअर बदलणंही नको. दुसऱ्या गिअरवरून एकदम पहिल्यावर क्लच सोडलात तर पुढची चाकं क्षणभर अडकतात आणि त्या क्षणी स्टीअरिंग कामाचं राहत नाही. क्लच हळू सोडा. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरसाठीचे ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड कुठे आहे ते चंदीगडलाच शोधून ठेवा. ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसमुळे पेडल थरथरलं तर पाय काढू नका, दाबूनच ठेवा. अडकलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करा, नाहीतर तो इंजिनची ताकदच कापतो. बाहेर आलात की पुन्हा चालू.

रात्री गाडी लावताना हॅन्डब्रेक ओढू नका, निदान गाडी बर्फातून किंवा पाण्यातून आली असेल तेव्हा. मागचे ब्रेक-शू ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’, चाकांना दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतणारे दरवर्षी काचा फोडून घेतात. जुनं प्लॅस्टिक कार्ड आणि पाच मिनिटं हीटर पुरतं. कूलंटची टाकी बघताना पाणी रंगहीन दिसलं तर गाडी घेऊ नका, कोणीतरी नळाचं पाणी भरलंय. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३५ पर्यंत टिकतं, नुसतं पाणी इंजिनचा ब्लॉक फोडतं. वायपरच्या टाकीतलं नुसतं पाणीही गोठतं. डिझेल गाडी असेल तर साधं डिझेल कडक थंडीत दाट होतं, हे लक्षात ठेवा.

काचेचं धुकं हा गोव्याच्या चालकाला चकवणारा प्रकार. आपल्या पावसात एसीने काच गार होते आणि वाफ बाहेरून जमते, म्हणून आपण वायपर मारतो आणि एसी कमी करतो. तिथे वाफ आतून जमते. तेव्हा एसी चालू, तापमान गरम, हवा काचेकडे आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण; रीसर्क्युलेशन बंद. ओले बूट आणि जॅकेट डिकीत टाकले की निम्मं काम होतं.

अडकलात तर. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या तोंडावर सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात हजारभर गाड्या बर्फात अडकल्या होत्या, तेव्हा हे अपवादाचं बोलणं नाही. गाडीत पाणी, सुका खाऊ, चौघांना पांघरुणं, लहान फावडं, टॉर्च आणि पॉवरबँक असू द्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा, दर तासाला दहाच मिनिटं चालवा आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. तोंड बंद झालं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात थंडीबरोबर हा वायूही होता. रात्र पडण्याआधी पोलीस गाडी सोडून चला म्हणाले तर सोडा. ती डोंगराच्या बाजूला, चाकं डोंगराकडे वळवून, गिअरमध्ये ठेवा म्हणजे बर्फ काढणाऱ्या यंत्राला वाट राहते. आपला फोन नंबर आतून काचेला लावा आणि भाड्याच्या कंपनीला त्याच वेळी जागेच्या फोटोसह मेसेज टाका.